पहिल्या ओळीतला आकडा

एप्रिल २०२५. सांगलीच्या गणपती पेठेत डीटीपीचं काम करणाऱ्या एका काकांचा भर दुपारी फोन आला. "ताई, तुमचं ते फॉन्टचं बसंना झालंय ओ. नवीन मशीन घेतलं, सगळं तुम्ही लिहिल्यागत केलं, आन् शेवटाला लाल अक्षरं येत्यात." मी फोटो मागवला. लाल अक्षरांत सीमेकचा, म्हणजे मूळ कोडपासून प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या हत्याराचा, निरोप होता: ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी असलेली सुसंगतता आता काढून टाकली आहे, तुमच्या फाइलमधला आवृत्तीचा आकडा बदला.

आधी हे फॉन्टचं प्रकरण काय ते सांगते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाईचं काम ज्या फॉन्टांवर चालायचं, त्यांत देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या ओळी दिसतात. नुसतं अक्षरास अक्षर बदलूनही भागत नाही. त्या फाइलींत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर यावी लागते. रफाराचं बरोबर उलटं. ही अदलाबदल करणारा छोटा प्रोग्रॅम मी २०१४ मध्ये लिहायला घेतला आणि पहिल्या दिवसापासून तो मुक्त स्रोत ठेवला. गाभा सी-प्लस-प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, वर पायथन या दुसऱ्या भाषेचं पातळ आवरण. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, पेठांत आणि गावभागात लोकांची छापील कागदपत्रं लगद्यासारखी झाली, आणि कितीतरी जणांकडे फक्त जुन्या सीडींवरच्या फाइली उरल्या. त्यानंतर हा प्रोग्रॅम वापरणारे वाढले. त्यात काकांसारखे व्यावसायिक आहेत, दोन-तीन वाचनालयं आहेत, आपल्या वडिलांच्या कविता वाचवू पाहणारी माणसं आहेत. म्हणून तो बसत नाही म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

फोटोतलं कारण उघड होतं. मार्च २०२५ मध्ये सीमेक ४.० आलं, आणि ज्या प्रकल्पाच्या पहिल्या ओळीत 'किमान आवृत्ती ३.५ च्या खाली' असं लिहिलेलं आहे तो प्रकल्प बांधायलाच त्यानं नकार दिला. आमच्या पहिल्या ओळीत २.८.१२ होतं. पण मी काकांना त्यांच्या मशीनवरच्या सीमेकची आवृत्ती विचारली तर ते म्हणाले, "३.२२.१ म्हणतंय की." त्यांच्या उबुंटू २२.०४ या लिनक्सवर तेवढीच असते. मग ४.० त्यांच्याकडं आलं कुठून?

याचं उत्तर पिपच्या, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या हत्याराच्या, कामाच्या पद्धतीत होतं. पायथनचं पॅकेज मूळ स्रोतापासून बांधायची वेळ आली की पिप एक वेगळी, तात्पुरती जागा तयार करतो आणि बांधणीला लागणारी हत्यारं तिथं नव्यानं उतरवतो. २०१८ च्या पिप १० पासून हे असं आहे. कोणती हत्यारं आणायची हे प्रकल्पाच्या टॉमल फाइलमध्ये लिहिलेलं असतं. आमच्या फाइलमध्ये लिहिलं होतं: सीमेक, ३.१ किंवा पुढचं. पिपनं इमानेइतबारे त्यातलं सगळ्यात नवं आणलं. काकांच्या मशीनवरचं ३.२२ या सगळ्यात कुठंच नव्हतं. त्यांच्या जुन्या मशीनवर हीच आज्ञा फेब्रुवारीत चालली असती. आमच्या बाजूनं एक अक्षर न बदलता प्रोग्रॅम मार्चनंतर मोडला होता.

काकांचं काम त्या दिवशी अडायला नको होतं. ४.० मध्ये एक सोय ठेवलेली आहे: 'सीमेक पॉलिसी व्हर्जन मिनिमम' नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ३.५ वर ठेवलं की सीमेक जुनी ओळ असूनही बांधून बघतं. फोनवर अक्षर अक्षर सांगून ते टाइप करून घेतलं आणि त्यांचं काम सुरू झालं. ही सोय वापरणाऱ्यासाठी आहे. प्रकल्प चालवणाऱ्यानं तिच्यावर बसून राहायचं नसतं, त्यानं आपली ओळ दुरुस्त करायची असते.

त्याच संध्याकाळी दुरुस्तीला बसले आणि लक्षात आलं की ओळ एक नाही. किमान आवृत्तीचा आकडा आमच्याकडं चार ठिकाणी लिहिलेला होता आणि चारही ठिकाणी वेगळा. सीमेकच्या फाइलमध्ये २.८.१२. रीडमीमध्ये, म्हणजे माहितीच्या फाइलमध्ये, ३.१० (हे आकडे दशांश नसतात, ३.१० ही ३.५ च्या पुढची आवृत्ती). टॉमल फाइलमध्ये ३.१. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या पॅकेजसाठी कुणीतरी जोडलेल्या कंट्रोल फाइलमध्ये २.८.

हे आकडे आले कुठून ते मी इतिहासात जाऊन पाहिलं. २०१४ मध्ये माझ्या लॅपटॉपवर उबुंटू १४.०४ होतं, त्याच्याबरोबर सीमेक २.८.१२ येत असे. रीडमी मी २०१८ मध्ये पुन्हा लिहिली, तेव्हा १८.०४ होतं, सीमेक ३.१०. म्हणजे दर वेळी मी 'किमान काय लागतं' या प्रश्नाला 'आज माझ्याकडे काय आहे' हे उत्तर लिहीत गेले होते. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या जागी लिहिणं म्हणजे समोरच्याला चुकीची माहिती देणं आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिली चौकशी पुलाजवळच्या पाण्याची होते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. त्या आकड्यावर विश्वास ठेवून माणसं म्हशी सोडतात, तांदळाची पोती माळ्यावर चढवतात. पट्टीवरचा आकडा आणि पाणी जुळत नसतील तर ती पट्टी नसलेली बरी. आमची पट्टी चार ठिकाणी चार आकडे दाखवत होती आणि पाणी कुठं आहे हे कुणी मोजलेलंच नव्हतं.

दोन दिवसांत दोन पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोड बदलण्याचे प्रस्ताव, आल्या. पहिली परगावच्या एका वापरकर्त्याची: २.८.१२ खोडून ३.५. सीमेकचा निरोपच तसा सुचवतो, त्यामुळं बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा तेच येतं. दुसरी इथल्याच अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलाची: २.८.१२ खोडून ४.०. त्याला मी विचारलं, ४.० का? "ताई, माझ्याकडं तेच आहे की. आणि सगळ्यात नवीन पण तेच आहे." मी जे अकरा वर्षं करत आले तेच तो करत होता.

दोन्ही बदलांनी त्या ओळीची लाल अक्षरं गेली असती, पण दोन्ही मला नको होते. ४.० लिहिलं तर उबुंटू २४.०४ वरचं ३.२८ सुद्धा नाकारलं जाईल, तेही आमच्या कोडला ४.० मधलं काहीच लागत नसताना. आणि ३.५ लिहिलं तर ते खोटं होईल, कारण कोड ३.५ वर बांधला जात नाही असा मला दाट संशय होता. शिवाय नोव्हेंबर २०२४ च्या ३.३१ पासून सीमेक ३.१० च्या खालच्या आकड्यांनाही 'हे पुढं बंद होणार' अशी सूचना देतं. म्हणजे ३.५ लिहून आम्ही हेच दुखणं पुढं ढकललं असतं.

त्या मुलाला म्हटलं, शनिवारी ये, आपण मोजून बघू. तो विश्रामबागेत माझ्या घरी सकाळी दहाला आला आणि रविवारी रात्री गेला, मधे फक्त झोपायला आणि भडंग आणायला बाहेर पडला.

मोजायची रीत साधी होती. पिपवर सीमेकच्या जुन्या आवृत्त्याही मिळतात, त्यामुळं प्रत्येकीसाठी वेगळी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (स्वतंत्र जागा) केली: ३.१०, ३.१२, ३.१३, ३.१५, ३.१६ आणि नवं ४.०. एक पथ्य मात्र पाळायचं होतं. जी आवृत्ती चालवतोय तोच आकडा पहिल्या ओळीतही लिहायचा. कारण ती ओळ दोन कामं करते. यापेक्षा जुनं सीमेक असेल तर थांबवणं हे एक, ते सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं कमी ठाऊक असतं: त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या पॉलिसी, म्हणजे काळानुसार बदललेल्या वागणुकी, ती नव्या पद्धतीवर नेते. आकडा वाढवला की प्रकल्प बांधण्याची पद्धतच बदलू शकते.

३.१० पहिल्याच मिनिटाला पडलं. टार्गेट लिंक ऑप्शन्स ही आज्ञाच त्याला ओळखीची नव्हती, ती ३.१३ मध्ये आली. आमच्या कोडमध्ये ती २०२० मध्ये एका बदलातून शिरली होती. म्हणजे रीडमीतलं '३.१० चालेल' हे वाक्य पाच वर्षं खोटं होतं. १८.०४ वर कुणी प्रयत्न करून नाद सोडला असेल तर मला कळलेलंही नाही, आणि हे मला अजून लागून राहिलंय. ३.१२ ही त्याच ओळीवर पडलं. ३.१३ वर प्रोग्रॅम बांधला गेला, पण आमची स्क्रिप्ट शेवटी सीमेकलाच 'इन्स्टॉल' हा पर्याय देते, तो ३.१५ पासूनचा आहे, म्हणून तिथं अडलं. ३.१५ आणि ३.१६ वर बांधणी पार पडली. खरा तळ ३.१५ होता आणि लिहिलेल्या चार आकड्यांपैकी एकही त्याच्या जवळपास नव्हता.

हे शनिवारी संध्याकाळपर्यंत झालं. मुलगा म्हणाला, "झालंच की मग, ३.१५ टाकूया." टाकलं. सी-प्लस-प्लसच्या सगळ्या चाचण्या हिरव्या. पायथनचं आवरण मात्र सुरू होताना कोसळलं: अनडिफाइन्ड सिम्बॉल. आमचं मुख्य फंक्शनच त्याला सापडत नव्हतं. लायब्ररी जागेवर होती, नाव बरोबर होतं, कालपर्यंत चालत होतं.

इथं मी थोडी सविस्तर सांगते, कारण आकडा बदलताना लोक ज्याला घाबरतात ते हेच. मी मुलाला एनएम हे हत्यार दाखवलं, लायब्ररी बाहेर कोणती नावं दाखवते त्याची यादी ते देतं. २.८.१२ ओळीनं बांधलेल्या लायब्ररीत आमची तीन फंक्शनं यादीत होती. ३.१५ ओळीनं बांधलेलीत एकही नव्हतं. कोड तोच, त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर तोच, सीमेकही तेच ३.२८, फक्त पहिल्या ओळीतला आकडा वेगळा. मग नेमका कोणत्या आकड्याला हा बदल होतो ते शोधायचं म्हणून त्यानं अर्ध्यानं अर्ध करत आकडे टाकायला सुरुवात केली. ३.५ ला मोडतं. ३.० ला चालतं. ३.२ ला चालतं. ३.३ ला मोडतं. ३.३ मध्ये आलेल्या पॉलिसी सात आहेत, त्या एकेक करून वाचल्या आणि शेवटची, सीएमपी ००६३, तीच निघाली.

झालं होतं असं. फार पूर्वी मी एका ओळीत सांगून ठेवलं होतं की सगळी नावं आतल्या आत लपवा, म्हणजे दुसऱ्या लायब्रऱ्यांतल्या नावांशी टक्कर नको. आमचा गाभा आधी स्टॅटिक लायब्ररी (दुसऱ्यात मिसळायचा कोडचा गठ्ठा) म्हणून बांधला जातो आणि मग शेअर्ड लायब्ररीत (चालताना पायथन उघडतो ती) ओतला जातो. जुन्या वागणुकीत सीमेक स्टॅटिक लायब्ररीच्या बाबतीत ही 'लपवा'ची सूचना मनावरच घेत नसे. म्हणून तीन फंक्शनं उघडी राहिली आणि पायथनला सापडत गेली. ३.३ पासून सीमेक ती सूचना सगळीकडं पाळतं. म्हणजे नव्या सीमेकनं मी सांगितलं तेच केलं होतं. माझी सूचना दुर्लक्षित होत होती म्हणून प्रोग्रॅम इतकी वर्षं चालला.

सीमेक याची सूचना देत नव्हतं असंही नाही. पॉलिसी ठरवलेली नाही हे ते दर वेळी सांगत होतं. पण माझ्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये लेखकासाठीच्या सूचना बंद करणारा एक पर्याय घातलेला होता, स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून. त्या पर्यायानं 'हे पुढं बंद होणार' या प्रकारच्या सूचनाही गप्प होतात. जुलै २०२३ च्या ३.२७ पासून सीमेक ३.५ च्या खालच्या आकड्यांबद्दल बजावत आलं होतं, माझ्या लॅपटॉपवरचं ३.२८ ही बजावत होतंच, आणि मी ते ऐकूच येणार नाही अशी व्यवस्था केली होती. तो पर्याय आम्ही त्याच रात्री काढला. कुणी बिल्ड स्क्रिप्ट लिहीत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे: हा पर्याय घालू नका.

दुरुस्तीला दोन वाटा होत्या. ती एक पॉलिसी जुन्या वागणुकीवर ठेवायची, एका ओळीचं काम. किंवा ती तीन फंक्शनं बाहेर दिसावीत असं कोडमध्येच लिहायचं. मुलाचा कल पहिलीकडं होता, रात्रीचे साडेदहा वाजले होते. पण जुनी वागणूक ही सीमेकच्या लेखी तात्पुरती सवलत असते, कधीतरी जाणारच. आम्ही दुसरी वाट धरली, तीन फंक्शनांवर खुणा केल्या, एनएमच्या यादीत तिन्ही नावं परत आली. आतली बाकीची सगळी नावं आता खरोखर लपलेली होती, २०१४ मध्ये मला हवी होती तशी.

रविवारी सकाळी ४.० वर बांधलं तर पुन्हा तीच लाल अक्षरं. या वेळी आमच्या थर्ड पार्टी फोल्डरमधल्या एका उसन्या लायब्ररीतून, तिच्या स्वतःच्या पहिल्या ओळीमुळं. तिच्या मूळ प्रकल्पानं आकडा कधीच सुधारला होता, आमची प्रत शिळी होती. ताजी आणली, काम झालं.

आता आकडा ठरवायचा होता. ३.१५ हा मोजलेला तळ होता, पण मोजलेला तळ आणि ठरवायचा तळ एकच असायला हवा असं नाही. माझ्या मनात तासगाव तालुक्यातल्या एका गावचं वाचनालय होतं. त्यांच्या संगणकावर डेबियन १० आहे, सीमेक ३.१३.४. तिथं इंटरनेट नाही, त्यामुळं पिपनं नवं सीमेक आणण्याचा प्रश्नच नाही. मशीनवर जे आहे त्यावरच बांधावं लागतं. ३.१५ लिहिलं की ते वाचनालय बाहेर. आणि ते बाहेर का, तर आमच्या स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीतल्या एका सोयीमुळं. तेच काम बिल्ड आज्ञेला इन्स्टॉल हे टार्गेट देऊन होतं, आणि ते जुन्या सीमेकलाही समजतं. एक ओळ बदलली, तळ ३.१३ वर आला. ३.१० पर्यंत न्यायचं तर लिंकरचे (बांधलेले तुकडे जोडणाऱ्या हत्याराचे) पर्याय जुन्या पद्धतीनं पुन्हा लिहावे लागले असते, आणि त्या आवृत्तीवर अडलेला एकही माणूस आमच्या माहितीत नव्हता. तिथं थांबलो.

पहिली ओळ आता एक टप्पा सांगते: ३.१३ ते ४.०, मधे तीन टिंबं. खालचा आकडा म्हणजे याच्या खाली चालणार नाही. वरचा म्हणजे इथपर्यंतच्या पॉलिसी आम्ही तपासून स्वीकारल्या आहेत. वरचा आकडा कुणी अंदाजानं वाढवू नये, चाचणी करून वाढवावा, असं त्या ओळीच्या वर टिपेत लिहिलंय. रीडमीतला आकडा काढला, तिथं फक्त पहिली ओळ बघा एवढंच आहे. टॉमल फाइलमध्ये ३.१३ केलं आणि वरची मर्यादा घातली नाही. बरेच प्रकल्प त्या महिन्यात '४ च्या खालचंच सीमेक' अशी मर्यादा घालत होते. मीही तशी एक घाईची आवृत्ती दोन आठवड्यांसाठी सोडली होती, नवीन लोक अडू नयेत म्हणून, आणि खरी दुरुस्ती होताच ती मर्यादा काढली. ती ठेवली असती तर पुढच्या बदलाची खबर आम्हाला पुन्हा सगळ्यात शेवटी लागली असती. आणि सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप बांधून तपासणाऱ्या व्यवस्थेत, दोन कामं जोडली. एक नेमकं ३.१३ घेऊन बांधतं, एक त्या दिवशी मिळेल ते सगळ्यात नवं घेऊन. दोन्हींत पायथनचं आवरण सुरू करून एक वाक्य रूपांतरित केलं जातं, कारण सी-प्लस-प्लसच्या हिरव्या चाचण्यांनी आम्हाला एकदा फसवलं होतं.

मे महिन्यात आम्ही दोघं पेनड्राइव्ह घेऊन तासगावकडं गेलो. आणि तिथं पुन्हा अडलो. सीमेक तक्रार न करता पार झालं, पण शेवटी लिंकरनं फाइलसिस्टमच्या फंक्शनांवर हात वर केले. डेबियन १० वरचा कंपायलर जीसीसी ८ आहे, आणि जीसीसी ९ च्या आधी सी-प्लस-प्लसच्या फाइलसिस्टमसाठी एक वेगळी लायब्ररी जोडून द्यावी लागते. सीआयमध्ये आम्ही जुनं सीमेक नव्या कंपायलरबरोबर तपासत होतो, त्यामुळं हे दिसलंच नव्हतं. मुलानं तिथंच, वाचनालयाच्या लांब बाकावर बसून, कंपायलर ९ च्या खाली असेल तरच ती लायब्ररी जोडणारी अट लिहिली. कंपायलरचा किमान आकडा आमच्या प्रकल्पात कुठंच लिहिलेला नव्हता. तो आता लिहिलाय, ८, आणि सीआयमध्ये त्याचंही काम जोडलंय.

दुपारी बाराच्या सुमारास बांधून झालं. ग्रंथपालांनी गावच्या पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची फाइल काढून दिली, त्यांनीच तीस-एक वर्षांपूर्वी मजकूर तपासला होता. रूपांतर झाल्यावर त्यांनी चष्मा सारखा करून पहिलं पान सबंध वाचलं. 'कार्यकर्ते', 'वार्षिक', 'अध्यक्षीय'. रफार जागेवर, वेलांट्या जागेवर. मग त्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी परत असं बसंना झालं तर तुम्हाला काय सांगायचं?" मुलानं एका चिठ्ठीवर सीमेकचा आणि कंपायलरचा आकडा लिहिला, ३.१३.४ आणि ८, आणि ती सीपीयूच्या डब्यावर चिकटवली.